किशनराव मराठी शिकतात

किशनराव हे निजामाच्या वेळचे पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे कारकून. ते साहेबांच्या खोलीतून कधीही पाठ फिरवून बाहेर आले नाहीत. हात छातीशी, मान खाली आणि उलट्या पावलांनी थेट दारापर्यंत! निजामी गेली, हिंगोलीच्या तहसील कचेरीत वऱ्हाडातले नवे साहेब आले आणि त्यांनी दाराशी एक बाकडं टाकलं. पहिल्याच दिवशी किशनराव उलटे चालत आले ते बाकड्यावर बसलेल्या माझ्या मांडीत धपकन बसले.

"माफी असू द्या, बापू," ते म्हणाले, "पर साहेबाला पाठ दाखवणं बराबर न्हाई."

मी साहेबांबरोबर वाशीमहून आलेला कारकून. खरं सांगतो, मला या माणसाचा भारी वैताग यायचा. कुणी अर्ज घेऊन आला की हे आधी त्याला पाणी पाजणार, मग बैलांची, लेकरांची, पाऊसपाण्याची चौकशी. काम शेवटी. साहेब घड्याळ दाखवून ओरडले, तर म्हणायचे, "सबूर, साहेब. शिरड शहापुराहून पायी येऊन राहिला माणूस. त्याचा दम तं खाली बसू द्या!"

मग साहेबांनी हुकूम काढला. दोन महिन्यांनी मराठी लिहिण्यावाचण्याची परीक्षा. नापास होईल त्यानं घरी बसावं. आणि जन्मभर मराठीच बोलणाऱ्या किशनरावांना मराठीचं एक अक्षर लिहिता येत नव्हतं! शाळा उर्दू, कचेरी उर्दू. शिकवण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी त्यांनी 'कमळ' लिहिलं ते उजवीकडून डावीकडे.

"अहो, काय करताय हे?"

"हात तिकडूनच येऊन राहिला, त्याला मी काय करू?"

पण गडी चिवट. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पेन्सिल. एकदा वसमतच्या एका हळदवाल्या शेठनं अर्ज बाजूला ठेवून त्यांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. ही कचेरी आहे की बिगरीचा वर्ग, साहेबांनाच कळेना. तेही हसले.

किशनराव पास झाले. नोकरी वाचली. मी ओरडलो, "काढा पेढे!"

त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून दोन-तीन पिवळी पडलेली पत्रं काढली.

"आमची मंडळी तुमच्या वाशीमकडची. चार बुकं शिकलेली. म्हायेरी गेली की पत्र लिवायची. नवराबायकोचं पत्र दुसऱ्याकडून कसं वाचून घ्यावं? लाज वाटायची. 'खुशाल हाय' म्हणून निरोप धाडायचो. ती जाऊन नऊ सालं झाली, बापू. आज सकाळी वाचली."

काय लिहिलंय, हे मी विचारायला नको होतं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर लावत वाचलं, "तुमच्या हातच्या दोन ओळी तरी धाडा."

पत्रं त्यांनी पुन्हा आतल्या खिशात ठेवली. मग एक कोरा कागद ओढून त्यांनी मला विचारलं, "बायकोला लिवताना वर काय लिवत असत्यात?"

"चिरंजीव सौभाग्यवती," मी सांगितलं, आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.