वरचं काम आधी

"घर बदलणं म्हणजे काय युद्ध आहे का?" असं उस्ताद आठवडाभर भेटेल त्याला विचारत होता. ऑफिसात त्याला सगळे उस्तादच म्हणत, कारण अडचण कुठलीही असो, तिच्यावर त्याच्याकडे एक वेबसाइट तयार असे.

या वेळीही होतीच! सामान हलवायची सोळा कामं त्याने एका यादीत टाकली आणि ती सगळ्यांच्या फोनवर पाठवली. कामावर बोट ठेवायचं, ते उचलून हवं तिथे वर-खाली सरकवायचं, की सगळ्यांच्या फोनवर नवा क्रम!

"माझी वही काय वाईट होती?" बायकोने विचारलं.

"वहीतली ओळ सरकते का? ऐक, या घरात एक जरी वस्तू मागे राहिली ना, तर जन्मभर तुझी वही! मी चकार शब्द काढणार नाही."

"आई, ऐकलंत ना?" बायको सासूबाईंना म्हणाली. साक्षीदार पक्का झाला.

हमालांच्या मुकादमालाही उस्तादने बजावलं, "यादीच्या बाहेर काही करायचं नाही. वरचं काम आधी. फोनाफोनी नको, काही असेल तर यादीत टाकायचं."

मुकादम शब्दाचा पक्का निघाला. आईने स्वतःचं कपाट पहिल्या नंबरवर नेलं, हमालांनी कपाट उचललं. ते जिन्याच्या वळणावर असताना बाबांनी आपली आरामखुर्ची वर सरकवली. मुकादमाने फोन पाहिला आणि हुकूम सोडला, "ठेवा खाली! कपाट दोन नंबरला गेलं."

कपाट जिन्यातच राहिलं! वरच्या मजल्यावरचे वकील अर्धा तास त्याच्यापलीकडे उभे राहून कायदा सांगत होते. उस्ताद मात्र खूश होता. "बघा, यंत्रणा कशी चालते!"

अकरापर्यंत ट्रक भरला. बायको आणि आई-बाबा रिक्षाने नव्या घरी पुढे गेले. यादीत तीनच कामं उरली होती: चौदा, उस्तादची आंघोळ. पंधरा, शेवटची खुर्ची. सोळा, घराला कुलूप लावून किल्ली घरमालकाला देणे. धुळीने माखलेला उस्ताद कपडे खुर्चीवर ठेवून, फोन घेऊन बाथरूममध्ये शिरला.

तिकडे रिक्षात आईला यादीचा शेवट बघायचा होता. तिने अंगठा टेकवून पान दोनदा वर ढकललं. पान हललं नाही. खुर्ची आणि कुलूप मात्र एकेक करून आंघोळीच्या वर जाऊन बसले!

उस्तादने साबण गेलेल्या डोळ्यांनी फोन पाहिला. खुर्चीपुढे खूण, कुलपापुढे खूण. "वा! वेळेच्या आधी!" त्याचा ऊर भरून आला. मग खालून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि भरलेला ऊर जागच्या जागी रिकामा झाला.

टॉवेल गुंडाळून तो दाराकडे धावला. बाहेरून कुलूप! खुर्ची गेली होती, कपड्यांसकट. त्याने बायकोला फोन लावला.

"अहो, फोन कशाला? काय असेल ते यादीत टाका," म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.

त्याने टाकलं: "उस्तादला बाहेर काढणे." काम सरळ तळाशी गेलं, कारण नवीन काम तळाशी जाईल हा नियम त्याचाच होता, शिस्त म्हणून! ओल्या बोटाने तो ते वर ओढायचा. तेवढ्यात नव्या घरातून आई कपाट भिंतीला लावायचं काम टाकून वर सरकवे, बाबा खुर्ची खिडकीशी, बायको पंखे, आणि उस्ताद पुन्हा खाली. टॉवेलमध्ये कुडकुडत तो तासभर स्वतःला वर चढवत होता. आपण आपल्याच घरच्यांना पंख्यांच्याही नंतर लागतो, याचं त्याला खरंच वाईट वाटलं!

शेवटी पंखे लागले आणि घरमालकाकडून आणलेल्या किल्लीने दार उघडलं. मुकादमाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, फोन काढला आणि मोठ्याने म्हणाला, "राहिलेलं सामान, एक नग." आणि खूण केली.

नव्या घरी एकूण एक वस्तू जागेवर होती. उस्तादला धीर आला. मुकादमाचा सदरा अंगात चढवून तो छाती काढून म्हणाला, "बघ! वस्तू एकही मागे राहिली नाही. पैज माझी!"

"वस्तू नाहीच राहिली," बायको म्हणाली आणि तिने आपली वही त्याच्यापुढे ठेवली. आठवड्यापूर्वीची तारीख होती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "सगळ्यात आधी ह्यांना गाडीत बसवणे."

कोणाचं लक्ष नाही असं पाहून उस्तादने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच खाली ओढून पाहिलं.

सरकली नाही.