चोवीस तासांचे पाहुणे

जो पाहुणा चोवीस तासांहून अधिक मुक्काम करील, त्याची नोंद गल्लीप्रमुखाकडे झालीच पाहिजे, अशी पाटी सोलो शहरात गल्लीगल्लीच्या तोंडाशी असते. सहाव्या गल्लीचे नवे प्रमुख पाक वगिमिन यांनी ती आयुष्यात प्रथमच पूर्ण वाचली, आणि तीही निवडून आल्यावर. (तिकडे नावाआधी 'पाक' म्हणजे राव, 'बू' म्हणजे बाई आणि 'म्बाक' म्हणजे ताई.) निवडणुकीच्या सभेला ते उशिरा पोचले होते. तेवढ्यावरच ते एकमताने निवडून आले.

त्याच आठवड्यात ते बू पार्यातींच्या दारी उभे राहिले. पार्यातींचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती आणि घरात उरलेला आवाज एकच होता : गेंदुत. गेंदुत म्हणजे ढब्ब्या. निळसर करड्या अंगावर नारिंगी ठिपके मिरवणारा, वीतभराहून लांब टोकेक; पालीचा थोरला, तापट भाऊच म्हणा. रोज सांजावलं की बू पार्याती जाळीच्या पेटीतल्या केळीच्या पानावर पाण्याचा फवारा मारीत, कारण वाटीतलं पाणी या राजाला चालत नसे, थेंबच चाटायचे असत. मग रातकिडे अंड्याच्या टरफलाच्या पुडीत घोळवून आत सोडीत आणि गुणगुणत :

ये रे ठिपक्यांच्या राजा, पानावरचं पाणी चाट;
उड्या मारते न्याहारी, तुझी पाहते रे वाट.

"हा कसला खुडखुडाट?" पाक वगिमिननी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं.

"रातकिडे. पक्षीबाजारातून आणलेत, तीस. याचा पंधरवड्याचा शिधा."

"आले कधी?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार, बू! चोवीस तास कधीच उलटले. नोंद कुठाय?"

"अहो, किडे आहेत ते!"

"पाटीवर 'पाहुणा' लिहिलंय. त्याला पाय किती असावेत, ते लिहिलेलं नाही."

नोंदवहीत तीस ओळी भरल्या. येण्याचं कारण : जेवण. जाण्याची तारीख? "ते याच्या भुकेवर आहे," बू पार्याती म्हणाल्या. पाक वगिमिननी लिहिलं, 'अनिश्चित'.

पुढच्या गुरुवारी मोजदाद झाली. डब्यात अकरा. गेल्याची नोंद शून्य. शांत, सुसंस्कृत सहाव्या गल्लीतून एकोणीस पाहुणे बेपत्ता! वॉर्ड कचेरीतून तपासनीस म्बाक रिंता आल्या. वयाने लहान, शिक्क्याने मोठ्या.

"एकोणीस जण गेले कुठे?"

"पोटात," बू पार्याती खरं ते बोलल्या.

पाक वगिमिनना घाम फुटला. कारकिर्दीच्या पहिल्याच महिन्यात एकोणीस बळी! "म्हणजे घरातल्या घरात स्थलांतर," ते घाईघाईने म्हणाले. "पत्ता तोच. नुसती खोली बदलली."

म्बाक रिंतांचा चेहरा उजळला. खाल्ल्या गेलेल्यांसाठी अर्जात रकाना नव्हता, स्थलांतरितांसाठी होता. पण एक रकाना भरला की त्याच्या खालचा जागा होतो. एका टोकेकात एकोणीस जण म्हणजे दाटीवाटीची वस्ती. खिडकी नाही. संकटकाळी बाहेर पडायची वाट?

"एक आहे," बू पार्याती म्हणाल्या, "पण त्या वाटेनं निघालेला ओळखू येत नाही."

तेही नोंदवलं गेलं. आदेश निघाला : सदर वास्तूत, म्हणजे गेंदुतात, नवा रहिवासी घेऊ नये, सुनावणीनंतर वास्तू ताब्यात घ्यायची की नाही ते ठरेल.

गेंदुतचा शिधा थांबला. बू पार्यातींनी तळलेल्या तेम्पेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा पुढे केला. न हलणारं अन्न त्याला अन्न वाटेना. त्यांनी तो दोऱ्याला बांधून नाचवला. गेंदुतने जिभेने स्वतःचा डोळा पुसला आणि पाठ फिरवली. नऊ दिवसांत त्याचं गुबगुबीत शेपूट दोरीसारखं झालं. सांजेची हाक बंद पडली. चमचा खाली ठेवला तरी घर दणाणावं, इतकं ते रिकामं झालं.

सुनावणी रविवारी संध्याकाळी गल्लीच्या सभागृहात झाली. गोड चहा, उकडलेल्या शेंगा, सहा सभासद. तिघे म्हणाले जप्त करा, तिघे म्हणाले राहू द्या. पाक वगिमिननी तटस्थतेचा अधिकार राखून ठेवला.

"बू, तुमचं शेवटचं म्हणणं?"

"मी काय म्हणणार? तुम्हाला वास्तू दिसते. मला तो मरताना दिसतोय."

तेवढ्यात दिवा लागला, दिव्याभोवती पतंग जमले, आणि बू पार्यातींच्या मांडीवरच्या पेटीत गेंदुतने गळा फुगवला.

"टोक्केऽऽ!"

चहाचे पेले अधांतरी थांबले. मनात दुविधा असताना टोकेक बोलला, तर हाका मोजतात : पहिली 'राहू द्या', दुसरी 'जप्त करा', तिसरी पुन्हा 'राहू द्या'. जिच्यावर थांबेल ते खरं. असल्या अडाणी समजुतीवर सभेत कुणाचाच विश्वास नव्हता. म्बाक रिंतांचा तर मुळीच नव्हता. त्यांनी बोटं फक्त टेबलाखाली नेली.

"टोक्केऽऽ! टोक्केऽऽ! टोक्केऽऽ! टोक्केऽऽ! टोक्..."

"पाच! राहू द्या!"

"सहा! शेवटची धरा की! जप्त!"

"अर्धी हाक कशी धरायची? अर्ध्या सहीला कुणी सही म्हणतं का?"

"तुमची तर नेहमी अर्धीच असते!"

पाक वगिमिननी टेबल ठोकलं. अर्ध्या हाकेबाबत वरून मार्गदर्शन मागवावं, आणि ते येईपर्यंत हाक देणारा साक्षीदार जिवंत राखावा, असा ठराव झाला. बू पार्यातींनी शाई वाळायचीही वाट पाहिली नाही. पेटी दिव्याखाली धरली, झाकण उघडलं. एक जाडजूड पतंग आत शिरला. कुणी त्याचं नाव विचारलं नाही.

फाइल अजून फिरते आहे. वॉर्डातून शहरात, शहरातून राजधानीत. प्रत्येक टेबलावर मोठमोठी माणसं चष्मे पुसून एकच प्रश्न घोळवतात : पाच की सहा? गेंदुत खाऊनपिऊन सुखी आहे, बू पार्याती उत्तर येऊ नये म्हणून नवस बोलताहेत, आणि टोकेकाला विचारून कारभार का करायचा, हे मात्र अजून कुणीच विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही, वाचकहो. तुम्ही तर शिकलेसवरलेले, असल्या गोष्टींना हसणारे. मग मघाशी त्या ओळीवर माघारी जाऊन हाका मोजल्यात, त्या कशाला? आता मोजल्याच आहेत, तर आकडा कळवून टाका. फाइलीत तज्ज्ञांच्या सहीची जागा कोरीच आहे.