नागोबाच्या फण्याचं कलम

"एका झाडाची दोन करून दाखवतो! नाही जमलं तर विरुपाक्ष नाव लावणार नाही!"

आमचा विरुपाक्ष हे बोलला, ते नेमकं नागपंचमीच्या सकाळी! त्याला मंद्रूपच्या शिवलिंगप्पांची महादेवी हवी होती. एकदाच पाहिली होती आणि तेव्हापासून गडी जेवताना मीठ दोनदा घ्यायचा. पण शिवलिंगप्पा पडले शेतकरी. म्हणाले होते, "कारकुनाच्या हाताला शाई लागती, माती कुटं लागती? पोरगी द्यायची कशी?" आणि आज दुपारच्या चहाला ते घर बघायला येणार होते. विरुपाक्षनं ठरवलं, आपल्या हातचं कलम सासऱ्याच्या हातात ठेवायचं!

कलम कशाचं, ते ऐका. गच्चीवर त्याचं एक निवडुंग होतं, दोस्तानं बंगलोरहून आणलेलं. साधं निवडुंग काठीसारखं सरळ वर जातं की नाही? ह्याच्या शेंड्याची मतीच फिरलेली! ते आडवं पसरलं, चुण्या पडल्या, कडा आत वळल्या आणि झाला साक्षात नागाचा फणा! दुष्काळात गल्लीतल्या तुळशी वाळल्या, हे मात्र फुगत गेलं. त्याची आई बसव्वा तर त्याला पाठ दाखवायची नाही.

"काल त्याचं तोंड भितीकडं हुतं की रं! आज माज्याकडं बघतंय!"

"अव्वा, उन्हाकडं वळतं ते."

"आज ऊन कुटं हाय?"

विरुपाक्षनं वर पाहिलं. ऊन खरंच नव्हतं. आभाळ गच्चीला टेकलं होतं.

आता नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! बसव्वानं विळी, कात्री, सुरी ट्रंकेत कोंबली आणि वर स्वतः बसली! पण कारकुनाच्या खिशात पेन्सिलीचा चाकू असतोच. विरुपाक्ष मांजरीसारखा जिना चढला.

कुंभारी गावाच्या वाटेवरच्या कुंपणातलं गावठी त्रिधारी निवडुंग त्यानं आधीच कुंडीत लावलं होतं. त्याचा शेंडा उडवायचा, त्यावर फण्याची फोड बसवायची, दोऱ्यानं आवळायची. सोपं काम!

त्यानं चाकू फण्याला लावला आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. सोलापुरात मागांची खडखड थांबली की कानात दडे बसतात! त्या शांततेत चिरेतून दूध आलं. पांढरं, दाट. थेंब, थेंब. थांबेचना! विरुपाक्षनं बोटानं पुसलं आणि घाम आला म्हणून तेच बोट डोळ्याला लावलं.

आई गं! डोळ्यात चूल पेटली! बघता बघता डोळा पुरीसारखा टम्म! तरी पठ्ठ्यानं एका डोळ्यानं दोरा आवळला, गाठ मारली.

तेवढ्यात शेजारची काशम्मा वाळवण काढायला वर आली. दोन अर्धे फणे. गळणारं दूध. मधे एकडोळ्या विरुपाक्ष.

"शिवा रे शिवा! जग नागाला दूध पाजतंय आन् हितं नागच दूध वकतोय! आगं बसव्वा, तुज्या पोराचा डोळा घेतला गं नागानं!"

झालं! अर्धी गल्ली गच्चीवर. हळद, कुंकू, लाह्या! कुणी फण्याला, तर कुणी सावधगिरी म्हणून विरुपाक्षलाही कुंकू लावलं. बसव्वा रडतेय, गाल बडवतेय. आणि जिन्यातून वर आले कोण? शिवलिंगप्पा आणि त्यांची बायको निंगव्वा!

"ह्यो नवरदेव?" निंगव्वा दारातच थबकली. "एकाच डोळ्याचा?"

गेली महादेवी! शिवलिंगप्पा मात्र कुंडीजवळ गेले, बोटावर दूध घेऊन हसले. "खुळ्यांनो, हे तर कुंपणातलं..."

पुढचं बोललेच नाहीत. कलमाचा फणा हलला. वारा नव्हता हो, लाही जागची उडत नव्हती! फणा हळूहळू वाकला, वाकला आणि शिवलिंगप्पांच्या छातीसमोर येऊन थांबला.

बाया किंचाळल्या. शिवलिंगप्पा मटकन खाली बसले. विरुपाक्षनं स्वतःला बजावलं, दोरा ढिला झाला असणार. त्यानं चाचपून पाहिला. दोरा घट्ट होता, गाठ जशीच्या तशी! मग तोही सासऱ्याशेजारी जाऊन बसला.

"पोरगी दिली!" शिवलिंगप्पा हात जोडून म्हणाले. पोराला म्हणाले की फण्याला, देव जाणे!

"दिली, पन एक हाय," निंगव्वा गुरकावली. "ह्यानं नागाला लोखंड लावलंय. अक्षता पडूस्तोवर ह्याच्या अंगाला लोखंड लागता कामा न्हाय! लागलं, तर लगीन मोडलं!"

"नाही लागणार मामी! शप्पथ!" काय कबूल केलं ते गड्याला कळलंच नाही.

लग्न धरलं वैशाखात. कलम झकास जगलं, विरुपाक्षच्या डोळ्याची सूजही उतरली. पण लोखंडात वस्तरा आला, कात्रीही आली! गडी मंद्रूपला गाडीतून उतरला तेव्हा दाढी छातीवर, जटा खांद्यावर. अर्ध्या गावानं पाय धरले. कुणी केळी ठेवली, कुणी अंगारा मागितला. महादेवीच्या आजीनं पायावर पाणी घालून विचारलं, "स्वामी, तुमी वेळंवर आला. नवरदेव कुटं राहिला?"

एवढ्यात मुंडावळ्या बांधलेली महादेवी आली. विरुपाक्षचा चेहरा उजळला, म्हणजे जेवढा दाढीतून दिसत होता तेवढा! ती लाजत जवळ आली, वाकली, पायावर डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाली,

"आशीर्वाद द्या स्वामी. नवरा जरा बरा निघू दे!"