खिडक्यांचे वेळापत्रक

सकाळचे ऊन त्या घरात फार सावकाश येई. आधी बैठकीच्या खिडकीचे गज तेवढे उजळत. मग उजेडाची एक बारीक रेघ चौकटीवरून खाली उतरे, सतरंजीच्या काठाशी थोडी रेंगाळे, आणि झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने बाबांच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीपाशी जाऊन थांबे. खुर्चीच्या जाळीतून गाळलेले उन्हाचे चौकोन फरशीवर पडत आणि धुळीचे कण त्यांत कसलीही घाई नसल्यासारखे तरंगत. सहा वाजता हे ऊन मायाळू वाटे, सातला डोळ्यांत शिरे, आणि आठनंतर त्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नसे.

धाकटा चहाचा कप घेऊन हे रोज पाही, आणि हे ऊन नव्हेच, असे रोज स्वतःला बजावी. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतून आलेला तो उजेड असणार. कारण खरे ऊन सकाळी स्वयंपाकघरात येते, असे दारामागे चिकटवलेल्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते.

कागद बाबांचा होता. बाबांनी जन्मभर बस आगारात वेळापत्रके लिहिली, आणि घरातल्या खिडक्याही त्यांच्या लेखी वेळेवर सुटणाऱ्या गाड्याच होत्या. सकाळी सात: स्वयंपाकघर बंद, बैठक उघडी. दुपारी एक: बैठक बंद, वर ओली चादर, स्वयंपाकघर उघडे. सायंकाळी सहा: सर्व उघडे. खाली तांबड्या शाईत, 'उशीर करू नये.'

दुपारी एकच्या ठोक्याला बाबा नुसते "चादर" म्हणत. की ताई आणि तो बादलीत बुडवलेली चादर दोन्ही टोकांना धरून, घरभर पाणी सांडत खिडकीपर्यंत नेत. मग त्या चादरीखाली पालथे पडायचे. ओल्या सुताचा वास, पाठीवर टपकणारा थेंब, आणि बाबा तळहात भिंतीला लावून, वैद्याने नाडी पाहावी तसे, म्हणायचे, "अजून ताप नाही हिला." बाहेर डांबर वितळत असे.

बाबांच्या मागे, गेल्या हिवाळ्यात, भाड्याचे ते घर सोडावे लागले. आईने भांडी बांधली, ताईने कपडे, आणि धाकट्याने फक्त तो कागद, कडांना पाण्याचे बोट लावत, कोपरा न फाटू देता सोडवला.

"दारच उचकटून आणायचंस की," ताई म्हणाली होती.

उन्हाळा लागल्यापासून तीच ताई एसीसाठी मागे लागली होती. धाकट्याचे उत्तर ठरलेले असे. "कशाला? बाबांच्या कागदावर घर गार राहतं. संध्याकाळी येतो तेव्हा बघतो ना मी." आणि घर खरोखरच गार असे. यावर ताई आईकडे बघे, आणि आई भाजी निवडू लागे. रविवारी तो ग्रंथालयाच्या तळघरात वाचत बसे. त्यामुळे या घराची दुपार त्याने कधी पाहिलीच नव्हती.

तो नकाशा कार्यालयात आरेखक होता. किडकिडीत आणि अबोल, म्हणून तिथे त्याला सगळे 'पेन्सिल' म्हणत. एरवी दिवसाकाठी चार वाक्ये बोलणारा हा मुलगा एकाच विषयावर फुशारकी मारी: आपल्या घरचा गारवा. ती फुशारकी एका बुधवारी त्याच्या अंगाशी आली.

त्या दिवशी अकरा वाजताच कार्यालयाची वीज गेली. पंखे थांबले. निबावरची शाई कागदाला लागण्याआधी सुकू लागली. नव्या जलवाहिनीचा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाठवायचा होता, आणि विभागाचे साहेब, जे मुळात देहाने ऐसपैस होते, खुर्चीत हळूहळू पसरत चालले होते.

"साहेब," मोजणीदार म्हणाला. त्याचे निम्मे आयुष्य उन्हात गेले होते आणि उरलेले चेष्टेत. "पेन्सिलच्या घरी म्हणे भर दुपारी शाल लागते."

"मी शाल म्हटलं नव्हतं," धाकटा पुटपुटला.

"म्हटलं नव्हतंस, पण चेहरा शालीचाच होता."

साहेबांनी एक डोळा उघडला. "खरं का रे? मग नकाशा उचला. तिथेच बसून पुरा करू."

धाकटा नकाशाची गुंडाळी सांभाळत पुढे चालू लागला. आता प्रश्न त्याच्या शब्दाचा नव्हता, बाबांच्या कागदाचा होता. तो आज खोटा ठरला, तर ताई उद्याच एसी बसवून घेईल आणि कागद दारामागून निघेल.

साडेबाराला दार उघडले, आणि आतून माठाच्या पोटातल्यासारखा गारवा अंगावर आला. साहेब उंबऱ्यातच थांबले. "वा! शब्दाचा पक्का आहेस."

धाकट्याने मात्र खिडक्या पाहिल्या आणि तो चरकला. स्वयंपाकघराची खिडकी बंद, वर ओली चादर. बैठकीची सताड उघडी. म्हणजे दुपारचे सगळेच उलटे.

"आई, हे काय गं?"

"राहू दे ना आता," आई घाईने म्हणाली. "तुम्ही बसा, मी पाणी आणते."

"राहू दे कसं? एक वाजत आलाय."

"आई, सांगू का मी?" ताईने विचारले.

"तू गप्प बस."

बरोबर एकला धाकट्याने चादर काढली, भिजवली, बैठकीची खिडकी बंद करून तिच्यावर ताणून लावली, आणि स्वयंपाकघराची खिडकी बाबांच्या ऐटीत उघडली.

पहिली पंधरा मिनिटे नकाशाचे काम चालले. मग साहेबांनी एक गुंडी काढली. थोड्या वेळाने दुसरी.

"पेन्सिल, शाल आण," मोजणीदार म्हणाला.

"गारवा जरा उशिरा धरतो," धाकटा म्हणाला, आणि वारा कमी पडत असेल म्हणून त्याने स्वयंपाकघराचे मागचे दारही उघडले. भट्टीचे तोंड उघडावे तशी झळ थेट बैठकीपर्यंत आली. ताकाच्या पातेल्यावरचे झाकण खणखणत खाली पडले. चादर दहा मिनिटांत पापडासारखी वाळली. त्याने ती पुन्हा भिजवली, आणि घाईत न पिळताच लावली. दोनच्या सुमाराला झळीचा एक झोत असा आला की नकाशा टेबलावरून उठला, खोलीभर एक गिरकी घेऊन सरळ त्या निथळत्या चादरीला जाऊन चिकटला.

"अभिनंदन, साहेब," मोजणीदार म्हणाला. "जलवाहिनीला पाणी आलं."

साहेबांनी नकाशा सोडवला. वाहिनी बचावली होती. कोपऱ्यातला दिशेचा बाण तेवढा निळ्या ओघळाने वाहून गेला होता. "बाण पुन्हा काढ," ते थकून म्हणाले. "आणि कागद आधी नीट दिशेला लाव. घाम पुसून घे."

ती त्या कार्यालयाची जुनी शिस्त होती. आधी कागद जमिनीशी जुळवायचा, मगच बाण काढायचा. मोजणीदाराने खिशातून होकायंत्र काढून टेबलावर ठेवले. काटा थरथरला आणि स्थिरावला. धाकट्याने काट्याकडे पाहिले. मग बैठकीच्या खिडकीकडे, मग स्वयंपाकघराकडे, जिथून ऊन ओट्यावर चढून आता मीठ-मसाल्याच्या डब्यांपर्यंत आले होते. त्याने होकायंत्र उचलून हलवले आणि पुन्हा ठेवले. काट्याने मत बदलले नाही: बैठक पूर्वेला, स्वयंपाकघर पश्चिमेला.

"काय रे, कुठे अडलं?" साहेबांनी विचारले.

"दिशेत," तो म्हणाला.

आई उठली. तिने मागचे दार लावले, खिडकी ओढून घेतली, चादर भिजवून पिळली आणि न बघता तिचा कोपरा खिडकीवरच्या खिळ्याला अडकवला. खिळ्याभोवती पाण्याने गंजाचे वर्तुळ उमटले होते. मग तिने बैठकीची खिडकी उघडली.

"रोज करतेस हे?" त्याने हळूच विचारले.

"तू कोपऱ्यावरून वळलास की."

"आणि संध्याकाळी?"

"साडेपाचला परत तुझ्यासारखं."

"दोन महिने," ताई म्हणाली. "मला तोंड उघडायची चोरी."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

आईने पदराने हात पुसले. "कागदापुढे उभा राहून वाचतोस ना सकाळी, तेव्हा अगदी ह्यांच्यासारखा दिसतोस. म्हटलं, वाचू दे."

मोजणीदाराला नेमके त्याच वेळी होकायंत्र पुसावेसे वाटले. तासाभरात घर पुन्हा निवले. सहाच्या आत नकाशा पुरा झाला. निघताना साहेबांनी दारामागचा कागद सावकाश वाचला. "अक्षर फार सुंदर आहे रे. काढू नकोस. दुरुस्ती कर फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन गजांवरून उतरले, सतरंजीच्या काठाशी रेंगाळले, खुर्चीपाशी थांबले. धाकट्याने उठून बैठकीची खिडकी लावली. तळहात भिंतीला लावून पाहिला. मग आपला सगळ्यात बारीक निब घेऊन बाबांच्या अक्षराला धक्का न लावता 'बैठक'च्या वर 'स्वयंपाकघर' लिहिले, 'स्वयंपाकघर'च्या वर 'बैठक'. तांबड्या शाईच्या ओळीखाली थोडी जागा उरली होती. तिथे दुरुस्तीचे कारण लिहायचे, ही कार्यालयाची शिस्त. त्याने निब पुन्हा शाईत बुडवून ते लिहिले: बाबा या घरात एक दिवसही राहिले नव्हते.