देह लालबागला, दत्ताराम ऑकलंडला

दत्ताराम परबांना ऑकलंडला जायचं होतं, पण जमिनीवरून.

तिथे त्यांची लेक मेघना होती, जावई होता आणि अपूर्वा नावाची नात होती. नात चालायला लागली, बोलायला लागली, तरी आजोबांनी तिला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं. मोबाइलवर ती दिसली की परब न राहवून तिच्या गालावरून बोट फिरवायचे आणि फोन कट व्हायचा. मग दिवसभर माणूस गप्प. समोर वाढलेला बांगडासुद्धा तसाच राहायचा, आणि मालवणच्या माणसाने बांगडा टाकला म्हणजे दुःख किती खोल असेल ते समजून घ्यावं.

परबांची उंचीची भीती साधीसुधी नव्हती. मेघना लहानपणी जत्रेत पाळण्यात बसायची, तेव्हा हे खाली उभे राहून वर बघायचे आणि चक्कर यांनाच यायची. गणपतीला गावी जायचं ते एसटीने, कारण कोकण रेल्वेचे पूल उंच.

"माझी बॅग कधीची भरलीय," सुंदराबाई चाळभर सांगत. "पण यांना सोडून जाऊ कशी? यांचंच घोडं अडलंय."

अशा अडल्या घोड्याला वसंत भेटला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हा वरच्या मजल्यावरचा वसंत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चार लोकांना सूक्ष्म देहाने प्रवास करायला शिकवत असे. स्थूल देह घरी ठेवायचा आणि आपण बाहेर पडायचं. व्हिसा लागत नाही.

"म्हणजे मी ऑकलंडला पोचेन?" परबांनी विचारलं.

"मनात आणलंस की पोचलास."

"रस्ता कुठला?"

"रस्ता कसला, दत्ता? सरळ वर. ढगांच्या वर."

"मग विमानाने काय घोडं मारलं होतं? सायन, ठाणे करत खालून नाही जाता येणार?"

"मध्ये समुद्र आहे."

"समुद्राचं समुद्र आल्यावर बघू," परब म्हणाले.

वसंताने कपाळावर हात मारून घेतला. "हे बघ, पहिल्या दिवशी नुसतं देहातून बाहेर ये. खूण सांगतो. माणसांचे आवाज लांबून यायला लागतात, आणि ती तुझ्या देहाबद्दल बोलतायत असं ऐकू येतं. तसं झालं की समज, सुटलास. डोळे मात्र उघडायचे नाहीत."

"आणि परत येताच नाही आलं तर?"

"देहाला कोणी हात लावला नाही, तर येशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी परबांनी खोलीच्या मधोमध चटई अंथरली. पंखा अंगावर येतो म्हणून पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली. गॅलरीत पोरांचं क्रिकेट चालू होतं, म्हणून कानात कापसाचे बोळे घातले आणि छातीवर हात जोडून डोळे मिटले.

"मी दळण घेऊन येते," सुंदराबाई म्हणाल्या. "तुम्ही या जाऊन." दार त्यांनी उघडंच ठेवलं. चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं, तर काय झालं ते विचारायला दहा जण येतात.

पाचेक मिनिटांत शेजारची शेवंती वाटी परत द्यायला आली. तिने चादर पाहिली, जोडलेले हात पाहिले, कानातला कापूस पाहिला आणि वाटी सोडून दिली.

"गे बाय माझे! दत्ताभावजी गेले!"

चाळीतल्या मयताचं सगळं अण्णा बघत. इतरांना गहिवर आवरत नसे, पण बांबूंचा भाव अण्णांना तोंडपाठ असे. ते आले आणि एका नजरेत त्यांनी सगळं ओळखलं. कानात कापूस घातलाय, म्हणजे डॉक्टर येऊन गेला. डॉक्टर येऊन गेला, म्हणजे दाखला मिळाला. वहिनी दिसत नाहीत, म्हणजे नातेवाइकांना सांगायला गेल्या. एवढं सगळं झालेलं असताना नाडी बघायची कुणाला गरज वाटली नाही. शिवाय शिवलं की आंघोळ आली, आणि नळ तर सकाळीच गेलेला.

चटईवर परबांना लांबून रडण्याचे आवाज येऊ लागले. "बिचारा सोन्यासारखा माणूस," कोणीतरी म्हणत होतं. परबांच्या अंगावर आनंदाने काटा आला. सुटलो! वसंताने सांगितलेली खूण जशीच्या तशी पटली होती. त्यांनी श्वास आणखी बारीक केला आणि मनातल्या मनात परळचा पूल ओलांडला.

"मेघनाला फोन लाव, शेवंते," अण्णा म्हणाले. "व्हिडिओ लाव. तेवढंच अंत्यदर्शन."

परब सायनच्या सिग्नलला पोचले होते, इतक्यात कापसातून आवाज आला, "बाबा! बाबा, बोला ना!"

एवढ्यात ऑकलंड? परब चकित झाले. उगाच ठाण्याचा विचार केला.

"मी निघते, अण्णाकाका. मिळेल त्या विमानाने निघते. तोपर्यंत थांबा हो."

"बाळा, तू पोचायला उद्याची रात्र होईल," अण्णांचा आवाजही आता ओला झाला होता. "आपल्यात एवढं नाही गं थांबत."

आणि मग एक बारीक आवाज आला, "आबा निन्नी?"

वसंताने बजावलं होतं. पण त्या आवाजापुढे वसंत कोण? परबांनी डोळे उघडले. शेवंतीने फोन त्यांच्या तोंडावर धरला होता आणि वीतभर अंतरावर अपूर्वा होती.

"आलो गं, बाय माझी!" परब ओरडून उठून बसले.

फोन उडाला. शेवंती मोरीत पडली. आयुष्यभर स्मशानात ताठ उभे राहिलेले अण्णा सगळ्यांत आधी जिन्याखाली पोचले, आणि तिथे पिठाचा डबा घेऊन येणाऱ्या सुंदराबाईंवर आदळले.

परबांनी हात पुढे करून नातीला शोधलं. वर पंखा होता आणि समोर आपलीच भिंत. खाटेखालून मेघनाचं रडणं येत होतं.

त्यांनी वाकून फोन काढला. "मेघना, मी आहे. मी कुठेच गेलो नव्हतो गं."

"बाबा, मी पोचले नसते," मेघना हुंदके देत होती. "तुम्ही खरंच गेला असता, तरी मी पोचले नसते."

अण्णांचं 'एवढं नाही थांबत' परबांच्या कानात बसलं होतं, आणि ते कापसाने बंद होणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विमानाहून मोठी भीती वाटली. ते लहान मुलासारखे रडले आणि म्हणाले, "दोघांची तिकिटं काढ."

पुढचा महिनाभर चाळीने परबांना धीर दिला. पासपोर्ट झाला, व्हिसा आला. सुंदराबाईंना धीर द्यायचं कुणाला सुचलंच नाही.

विमानतळावर आत जायच्या दाराशी त्या थांबल्या.

"मी काय म्हणते, तुम्ही व्हा पुढे."

"आणि तू?"

"मी मागाहून येईन. घरी कोणीतरी नको का? पाणी भरायचं असतं."

परबांनी बायकोकडे बघितलं. तिने ट्रॉलीचा दांडा असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"सुंदरा, तुला भीती वाटते?"

"तुमची केवढी मोठी होती," सुंदराबाई म्हणाल्या. "त्यात माझी कुठे काढून दाखवू?"

"मग इतकी वर्षं माझ्या नावावर..."

"लेकीकडे जावंसं वाटत नव्हतं असं नाही हो," त्यांचे डोळे भरून आले. "पोरीच्या बाळंतपणाला मी नव्हते. रोज मनात येतं ते."

बायकोला धीर देण्याइतका धीर परबांजवळ नव्हता. होता तेवढा इथवर येण्यात संपला होता.

"मला पण भीती वाटतेय," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

"मग आता?"

"आता काय, दोघं घाबरत जाऊ."

सुंदराबाईंनी क्षणभर विचार केला. मग ट्रॉली सोडली, नवऱ्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि मागची सगळी रांग खोळंबवत दोघं आत गेली.