तीन प्रतींत बायकोचं पुस्तक

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायचा, हे मी एका रविवारी चहा पिताना ठरवलं. कप विसळेपर्यंत विसरलो असतो, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पडलो कचेरीच्या रेकॉर्ड रूमचा कारकून. बावीस वर्षांत माझ्याकडून एकही कागद गहाळ झालेला नाही. (कुणी मागायलाही आलेलं नाही, पण ते अलाहिदा.)

कॉम्प्युटर तसा बायकोचा. ती शिवणवर्ग चालवते आणि सात वर्षं शिवणकामावर पुस्तक लिहीत होती. मापं, आकृत्या, बाही कुठे चुकते यावर एक अख्खं प्रकरण. प्रकाशकाला ते वर्षअखेर हवं होतं.

"अगं, हा डबा उद्या बंद पडला तर?"

"तुम्ही हात लावला नाहीत तर नाही पडायचा."

मी कचेरीत सल्ला विचारला. टायपिस्टबाई म्हणाल्या, पेन ड्राइव्ह. साहेब म्हणाले, वेगळी डिस्क घ्या. टेलिफोनवाला म्हणाला, सरळ इंटरनेटवर टाका. तिघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून मी तिन्ही पद्धती मंजूर केल्या आणि एक वही घातली. तारीख, प्रत क्रमांक, ठिकाण, सही, शेरा.

दर रविवारी न्याहारी झाली की मी खुर्चीत बसे. पडद्यावर पुस्तकाचं छोटं चित्र होतं, कोपऱ्यात इवलासा बाण असलेलं. ते तीन ठिकाणी उतरवायचं, सही ठोकायची. काम डोळ्याचं पातं लवण्याआधी संपे.

"सात वर्षांचं पुस्तक एवढ्यात झालं?" बायकोने विचारलं.

"डिस्क वेगवान आहे," मी म्हणालो. (शेऱ्याच्या रकान्यातही तेच लिहिलं.)

दोन महिन्यांनी कॉम्प्युटर कुंथायला लागला. दुरुस्तीवाला आला, त्याने चार बटणं दाबली आणि मान हलवली.

"सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. बॅकअप आहे ना?"

मी वही पुढे केली. त्याने तीन पानं उलटली.

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, साहेब!"

"उडवा बिनधास्त," मी ऐटीत म्हणालो.

त्याने उडवलं. तासाभराने कॉम्प्युटर नव्यासारखा पळू लागला, तेव्हा मी डिस्क जोडून पुस्तकावर टिचकी मारली. 'फाइल सापडत नाही.' पेन ड्राइव्ह लावला. तेच उत्तर. इंटरनेटवरही तेच. तिन्ही प्रतींत तसूभर फरक नव्हता.

दुरुस्तीवाला वाकून बघत म्हणाला, "साहेब, हा बाण दिसतोय का? हे पुस्तक नाही, पुस्तक कुठे ठेवलंय त्याचा पत्ता आहे. तुम्ही दर आठवड्याला दारावरची पाटी उतरवून घेतलीत. आणि घर आत्ता मी पाडलं."

"परत नाही उभं करता येणार?"

"त्याच जागेवर नवं सगळं भरलंय. कठीण आहे."

सात वर्षं ती वर्ग संपल्यावर, पाठ धरलेली असताना, एकेक आकृती काढत बसायची. मला मनापासून लाज वाटली. पलीकडच्या खोलीत ती कापडावर खडूने खुणा करत होती.

"अगं, तुझं पुस्तक गेलं. माझ्यामुळे."

तिने रेघ पुरी केली. मग म्हणाली, "धाकटीकडे आहे."

"तुझ्या बहिणीकडे? कधीपासून?"

"दर रविवारी तुमची सही झाली की मी तिला पाठवत होते."

"म्हणजे माझ्यावर तुझा विश्वास नव्हता?"

"पूर्ण होता. म्हणून तर पाठवत होते."

संध्याकाळी मेहुणी डिस्क घेऊन आली. पुस्तक होतं, बाह्यांसकट! मी सुटकेचा नि:श्वास टाकला. शेजारी आणखी एक फोल्डर दिसला, नाव 'भाऊजी'. उघडला तर आत माझ्या वहीच्या पानापानाचे फोटो, सही-शेऱ्यासह.

मला भरून आलं. "माझ्या नोंदीसुद्धा जपून ठेवल्यास?"

"ताईच पाठवायची. कंटाळा आला की आम्ही सगळे हेच वाचतो, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "पुस्तकाची माझ्याकडे एकच प्रत आहे. याच्या मात्र तीन ठेवल्यात."