तोतारामनानांची मिशी आणि एरंडोलची आरशाची मोहीम

पद्मालयीच्या गणरायाचे पायी मस्तक ठेवून, कसबे एरंडोल येथील हळदीचे मांडवात वरण-बट्टी यथेच्छ जेवून उठलेला सेवक ही हकीकत लिहितो. वडीलधाऱ्यांनी आज्ञा केली की, मिशीचा कज्जा कैसा उद्भवला आणि आरशाचे बळे कैसा निवाला, ते साद्यंत लिहिणे. त्यावरून लिहिले आहे. सेवक खाल्ल्या बट्टीस जागणारा, म्हणोन कन्यापक्षाकडे किंचित झुकेल. ते माफ असावे.

ऐसीयास, एरंडोलचे कापूसवाले राजश्री अभिमन आबा यांची कन्या पुनम. तिची मातुश्री लवकर निवर्तली, तेव्हा साक्रीची आत्या बेबाबाई आणि आत्याचे यजमान तोतारामनाना, म्हणजे कन्येचे फुवा, यांणी तिला पोटच्या पोरीप्रमाणे वाढविली. नाना तिला लुनाचे पुढे उभी करून शाळेस नेत, आणि पोर भोंगा वाजवी, आणि नाना एका हाताने मिशीस पीळ देत. ती मिशी काय वर्णावी! पांढरी शुभ्र, दोहों बाजूंस वर वळलेली. साक्रीचे आठवडे बाजारात लोक पत्तादेखील मिशीवरून सांगत.

कन्येचे लग्न रावेरच्या केळीवाल्यांकडे ठरले, आणि मग चौकात फलक लावण्याची मसलत जाहली. त्या कामी जळगावाहून छायाचित्रबहाद्दर हितेंद्र यांस पाचारण केले. हा गृहस्थ हुन्नरी खरा, परंतु हात आवरता येईना. फलकावर त्याणे धबधबा सोडिला, सोनेरी किरणे पाडिली, कबुतरे उडविली, आणि मग सकळ भाऊबंदांचे मुखांवर 'चेहरा नितळ' नामे प्रयोग चालविला. यंत्रास पांढऱ्या मिशीची काय कदर? त्याणे ती सुरकुती समजोन मुळासकट कापून काढिली, आणि वर ओठ गुलाबी केले.

हळदीचे दिवशी खासा नानांची स्वारी साक्रीहून निघाली. मागे टेम्पोत कन्येस आंदण म्हणोन आरशाचे लोखंडी कपाट, त्यावर रंगाने 'चि. सौ. कां. पुनम' ऐसी अक्षरे. धुळे मागे टाकिले, पारोळे मागे टाकिले, आणि मजल दरमजल करीत एरंडोलचे चौकात येऊन पाहतात तो आपले नावावर कोणी गुळगुळीत गृहस्थ हसतो आहे. पानटपरीवर एकाने दुसऱ्यास विचारिले, "हाई कोन शे, नानांनी बहीण का?" ते शब्द नानांचे कानी पडले. मग क्रोधास पारावार राहिला नाही. मांडवात येऊन, चहा न घेता, फर्मान सोडिले:

"मनी मिशी पुसी टाकी! आते या लग्नमा मी कॅमेराकडे तोंड दखाडाव नही!"

बेबाबाईंनीही जाहीर केले की, जेथे हे नाहीत तेथे मीही नाही. आबांनी हात जोडिले, व्यर्थ. आता घराण्याची तसबीर त्याच दिवशी काढणे होते, आणि तीच कन्या रावेरास नेऊन भिंतीवर लावणार होती. ज्या दोघांनी वाढविले तेच तसबिरीत नाहीत, हे मनात येताच पुनमचा धीर सुटला. हळदीच्या हाताने डोळे पुसू गेली, ते अधिकच झोंबले. सेवकाचेही डोळे पाणावले, आणि ते हळदीने नव्हे.

हितेंद्राने प्रथम पाय धरिले. नानांनी पाय काढून घेतला. मग त्याणे उघड मोहीम मांडिली. तो पूर्वेकडून कॅमेरा रोखी, नाना पश्चिमेस वळत. तो पश्चिमेस धावे, नाना पूर्वेस. दोघे मांडवाचे खांबाभोवती ऐसे फिरले की वाजंत्रीवाल्यांस वाटले नाचच चालू जाहला, आणि त्यांणी संबळ धरिला. त्या धामधुमीत कॅमेऱ्याची तिवई हळदीचे परातीत कोसळली.

मग गनिमी कावा. पाणी भरल्या घंगाळात नानांचे प्रतिबिंब धरावे म्हणोन टपून बसला, तो एका पाहुण्याने त्यात हात धुतले. पितळी तांब्यावर नेम धरिला, तो त्यात नानांचे मुख काशीफळ भोपळ्यासारखे फुगीर उमटले. सरतेशेवटी बोलिला की, जुन्या तसबिरीतले नाना कापून नव्या तसबिरीत बेमालूम बसवितो, ब्रह्मदेवास कळणार नाही. तेव्हा कन्या कडाडली:

"मले चिकटाडेल फुवा नको! बसेल फुवा पाहिजे!"

ऐसे बोलोन तिणे मांडवात चौफेर नजर फिरविली, आणि ती कपाटाचे आरशावर येऊन ठरली. मग हितेंद्राचे कानात काही सांगितले. त्याणे मान डोलाविली, आणि मोठ्या आवाजात हार कबूल करून नानांस अर्ज केला की, आपण खुशाल पाठ करून बसावे, पाठ तरी येऊ द्यावी. पाठीस मिशी नसते, सबब नानांस हरकत दिसेना. कपाटापुढे खुर्ची मांडिली, आणि नाना कॅमेऱ्याकडे पाठ करून ताठ बसले. नाना बसले ते पाहून बेबाबाई कपाटाचे उजवे बाजूस उभ्या राहिल्या, आबा डावे बाजूस, आणि पुनम आरशाचे दाराशी. सर्वांची तोंडे कॅमेऱ्याकडे, एकट्या नानांचे मात्र घरच्यांकडे. कन्येने दार बोटभर कलते केले, आणि हळूच म्हणाली:

"फुवा, तुमनी मिशीले हयद लागेल शे."

हळदीचा कणही नव्हता. परंतु मिशीची बात निघाली, आणि नाना गाफील राहिले. आरशास नाक टेकेतो झुकोन त्यांणी उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, दोहों हातांनी पीळ दिला, आणि मग आरशाचे काठावर पोरीचे दाबलेले हसू पाहिले. आपलेच आणिलेले कपाट आपणावरच चालून आले, हे त्यांस उमगले. पुनम खिदळली, जैसी लहानपणी भोंगा वाजवून खिदळे. मग नानांसही हसू आवरेना, मिशी गदगदा हलू लागली, डोळे भरोन आले. तेच क्षणी हितेंद्राने कळ दाबिली.

मांडवात एकच जल्लोष जाहला. तसबीर पाहावी तो नानांची पाठ कॅमेऱ्याकडे, शपथ शाबूत, आणि आरशात मुख, मिशी, हास्य यथास्थित! फक्त एक खोट निघाली. नानांचे खांद्यामागे, त्याच आरशात, खुद्द हितेंद्र दिसत होता: गुडघ्यावर बसलेला, एक डोळा मिटलेला, तिवईवरची हळद अंगभर फासलेला. लाजून म्हणाला की, घटकेत मज स्वतःस पुसून टाकितो, मागे नुसता मांडव ठेवितो. बोट यंत्रावर ठेविले, तो नानांनी त्याचे मनगट धरिले. सेवकास वाटले, आता मिशीचा सूड घेतात.

नाना म्हणाले, "त्याले राहू दे. या लग्नमा आते कोनले पुसानं नही."

हितेंद्र नानांचे गळा पडला, आणि त्या भरात नानांचे मिशीस खरीच हळद लागली. ती नानांनी लग्न लागेतो धुतली नाही.

दुसरे दिवशी वऱ्हाड येण्यापूर्वी चौकातला जुना फलक उतरोन नवा चढला. धबधबा नाही, कबुतरे नाहीत, केवळ ती आरशाची तसबीर. पानटपरीवर तोच गृहस्थ विचारता जाहला की, नाना तर समजले, परंतु मागे हा पिवळा माणूस कोण? तेव्हा नानांनी जातीने पुढे होऊन, मिशीस पीळ देऊन सांगितले:

"तो बी आमनाच शे."

येणेप्रमाणे कसबे एरंडोल मुक्कामी आरशाची फत्ते जाहली, मिशी स्वस्थानी रुजू जाहली, आणि तसबीर कन्येसोबत रावेरास रवाना जाहली. कपाटही गेले. त्याचे आरशावर नानांचे नाकाचा ठसा उमटला आहे, तो पुनम पुसू देत नाही. हे लिहिले, मांडव साक्ष.